कारखान्यांच्या गावातला खर्ज

यंत्रमागांच्या खडखडाटात लहानाचा मोठा झालेल्या सोलापूरकराला हेवी मेटल हे जड गिटारांचे रॉक संगीत कर्कश वाटण्याचे काही कारण नाही, असे माझे जुने मत आहे. हे संगीत मुळात जन्मले तेच एका कारखान्यांच्या शहरात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागात, डब्लिनहून आलेल्या आयरिश कॅथलिक कुटुंबात, १७ जुलै १९४९ रोजी टेरेन्स बटलर जन्मला. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. पुढे हे संगीत घडवणाऱ्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा बेसवादक, म्हणजे खर्जाचे स्वर काढणारी बेस गिटार वाजवणारा, गीझर बटलर म्हणून जग त्याला ओळखू लागले.

आमच्याकडे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ज्याच्या वाट्याला गिटार येत नाही, त्याच्या गळ्यात बेस मारला जातो. बटलरचीही सुरुवात फारशी वेगळी नव्हती. तो गिटारवादकच होता. परंतु बँडचा गिटारवादक टोनी आयोमीला दुसरा गिटारवादक नको होता, म्हणून बटलरने बेस हाती घेतला. आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात तुटली होती. बोटांना ताण सोसवेना म्हणून तो सैल तारा वापरू लागला आणि १९७१ च्या ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ या अल्बमपर्यंत वाद्ये दीड स्वर खाली उतरली. त्या संगीताला जो जडपणा आला, त्याचे श्रेय सहसा या एका अपघाताला दिले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते.

एकच गिटार असलेल्या बँडमध्ये गिटारवादक सोलोकडे, म्हणजे एकट्याच्या वादनाकडे वळला की मागे पोकळी उरते. बटलरने ती पोकळी उरू दिली नाही. तो आयोमीची सुरावट बोटांनी जशीच्या तशी वाजवत असे आणि मध्येच तार खेचून स्वर वाकवत असे. तबलजी डग्ग्यावर तळहात दाबून घुमारा काढतो, तशीच ही करामत. १३ फेब्रुवारी १९७० रोजी आलेल्या पहिल्याच अल्बममध्ये ‘एन.आय.बी.’च्या आरंभी वा-वा पेडल (पायाने दाबून स्वराला ‘वा-वा’ असा आवाज देणारे साधन) लावलेला त्याचा बेस एकटाच वाजतो.

सत्तरच्या दशकातील बँडची बहुतेक गीतेही त्याचीच, हे कित्येक चाहत्यांना ठाऊक नसते, कारण शब्द गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या तोंडून ऐकू येतात. सैतानाचे पूजक म्हणून हिणवल्या गेलेल्या या बँडचे ‘वॉर पिग्ज’ हे गीत प्रत्यक्षात युद्ध पुकारणाऱ्या आणि गरिबांना लढायला धाडणाऱ्या सत्ताधाऱ्यांवर आहे, तर ‘पॅरानॉइड’मध्ये नैराश्याने ग्रासलेला माणूस बोलतो. लोकांनी शब्द ऐकण्याआधीच निकाल देऊन टाकला, याचा मला आजही राग येतो.

‘मेटालिका’ या नंतरच्या मेटल बँडचा बेसवादक क्लिफ बर्टन, ज्याने बेसला पुढच्या पिढीत स्वतंत्र आवाज दिला, तोही बटलरला आपल्या प्रेरणास्थानांत गणत असे. ५ जुलै २०२५ रोजी ॲस्टनमधीलच व्हिला पार्क मैदानावर ‘ब्लॅक सॅबथ’चे मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजले. २२ जुलैला ऑझी गेला.

नव्याने ऐकणाऱ्यांना एकच विनंती. मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज जवळजवळ ऐकूच येत नाही, तेव्हा चांगले हेडफोन लावून ‘वॉर पिग्ज’ ऐकावे आणि आयोमीचा सोलो सुरू झाला की कान मुद्दाम बेसकडेच ठेवावा.