फाट्यावरचा लाल ब्लिंकर

दिवाळीनंतर कापूस जिनिंगकडे निघू लागला, की यवतमाळ जिल्ह्यातल्या फाट्यांवर रात्रीची वर्दळ एकदम वाढते. त्याच हंगामात कळंब तालुक्यातल्या एका फाट्याची रस्तेसुरक्षेच्या दृष्टीने पाहणी माझ्याकडे आली. तिथे सौर ब्लिंकर, म्हणजे सूर्यऊर्जेवर उघडझाप करणारे एकेकटे दिवे, होते. मोठ्या रस्त्याला पिवळा, म्हणजे जपून जा. गावाकडून येणाऱ्या रस्त्याला लाल, म्हणजे थांबा, दोन्हीकडे पाहा आणि मगच निघा.

कापसाने भरलेला एक पिकअप लाल ब्लिंकरसमोर वेग जरासा कमी करून, न थांबता मोठ्या रस्त्यावर आला. चालकाला विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पिवळाच तर आहे नं, साहेब. चौकातल्या सिग्नलवर वरचा म्हंजे लाल, खालचा म्हंजे हिरवा, थे समजते. इथं एकटाच दिवा, रंग कसा वयखाव?"

डोळ्यातल्या लाल प्रकाश टिपणाऱ्या शंकुपेशी नसल्या किंवा सदोष असल्या, तर लाल रंग पिवळ्या-हिरव्याशी मिसळतोच, शिवाय मंदही दिसतो. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येत असल्यामुळे पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. सौम्य व मध्यम रंगांधांना परवाना देण्याची तरतूद केंद्राने 2020 मध्ये केली आणि ती मला न्याय्यच वाटते. मात्र त्यानंतर एकट्या रंगाच्या भरवशावर 'थांबा' सांगणे रस्ता बांधणाऱ्यांना शोभत नाही. तीन दिव्यांच्या सिग्नलमध्ये जागा मदतीला येते, हिरव्यात मुद्दाम निळसर छटा ठेवलेली असते. ब्लिंकरमध्ये यातले काहीच उरत नाही.

'थांबा'चा अष्टकोनी फलक तिथे होता, पण बाभळीच्या फांदीआड आणि धुळीने माखलेला. चालकाने फांदी बाजूला करून आपल्या दुपट्ट्याने निम्मा फलक पुसला. पिकअपचे दिवे त्यावर पडताच रिफ्लेक्टिव्ह शीट उजळली आणि 'थां' एवढेच अक्षर, कडेच्या कोपऱ्यांसह, लांबूनही स्पष्ट दिसू लागले. आपल्याकडे आठ कोपरे फक्त याच फलकाला असतात, त्यामुळे रंग न कळला तरी आकार बोलतो.

अहवालात मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठे अष्टकोनी फलक, ठळक थांबरेषा, तिच्या अलीकडे रंबल पट्ट्या (चाकाखाली खडखडणारे उंचवटे) आणि दर हंगामाआधी फांद्यांची छाटणी सुचवली. ब्लिंकरचा प्रकाश रात्री आपोआप कमी व्हावा, असेही लिहिले, कारण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांत झगझगीत एलईडी पसरतो आणि त्याच्या शेजारचा फलकच दिसेनासा होतो.