हा पदार्थ कुठे थांबवता येतो?

पाहुण्यांना जेवायला बोलवायचे आणि वरण-बट्टी किंवा शेवभाजी न करता चांगल्या हॉटेलात मिळतात तसे परदेशी पदार्थ एकामागून एक, नीट मांडून वाढायचे, ही हौस आता जळगाव-भुसावळकडच्या घरांतही रुळू लागली आहे. माझ्या मते या हौसेत पैशापेक्षा वेळेचा हिशेब अवघड असतो. हॉटेलच्या मुदपाकखान्यात मागणी आल्यावर पदार्थाला सुरुवात होत नाही. निवडणे, चिरणे, अर्धेकच्चे शिजवणे हे सगळे दुपारीच उरकलेले असते आणि रात्री फक्त शेवटची काही मिनिटे शिल्लक असतात. आपण मात्र पाहुणे बैठकीत येऊन बसल्यावर पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो आणि मग यजमानीण संपूर्ण संध्याकाळ ओट्यापाशीच उभी राहते. म्हणून बेत ठरवताना मी प्रत्येक पदार्थाला एकच प्रश्न लावते: हा पदार्थ मध्येच कुठे थांबवता येतो?

रिसोतो हा उत्तर इटलीतला भात मध्येच थांबवता येत नाही, अशी समजूत आहे. तो सतत ढवळावा लागतो आणि शिजताक्षणी वाढावा लागतो, हे खरे आहे. परंतु हॉटेलवाल्यांनी त्यावर तोड काढलेली आहे. त्यासाठी आर्बोरियो किंवा कार्नारोली जातीचा आखूड, जाड तांदूळ लागतो. तो आता मोठ्या शहरातून किंवा ऑनलाइन सहज मागवता येतो. घरातला इंद्रायणी वापरून पाहायला हरकत नाही, मात्र तो लवकर मऊ पडतो आणि दाण्याच्या मध्यभागी जो किंचित कणखरपणा हवा असतो, तो त्यात राहत नाही. आपल्याकडे तांदूळ धुतल्याखेरीज गॅसवर चढत नाही, पण इथे तो धुवायचा नाही, कारण दाण्यावरचे पिष्टच रस्सा दाट करते. बारीक चिरलेला कांदा लोण्यात मऊ करून, त्यात कोरडा तांदूळ दोन मिनिटे परतून, भाज्यांचे उकळते पाणी पळी-पळीने घालत गेले की साधारण अठरा मिनिटांत भात तयार होतो. हॉटेलात तो बाराव्या मिनिटाला उतरवून रुंद ताटात पातळ थरात पसरतात, म्हणजे तो झटकन निवतो आणि स्वतःच्या वाफेत शिजत राहत नाही. घरी यासाठी परातीइतके सोयीचे भांडे नाही. निवल्यावर तो झाकून फ्रीजमध्ये ठेवावा. पाहुणे पहिल्या पदार्थावर असताना पातेल्यात पुन्हा उकळते पाणी, त्यात हा भात, पाच-सहा मिनिटे, गॅस बंद, आणि त्यानंतरच थंडगार लोण्याचे तुकडे व किसलेले चीज. लोणी आचेवर घातले की तेल सुटते. आच बंद करून जोराने घोटले तरच ती साईसारखी चकाकी येते. ताट कलते केल्यावर भात सावकाश पसरला पाहिजे. ढेकळासारखा बसला तर आणखी एक पळी पाणी घालावे.

चीजच्या बाबतीत एक गोष्ट पाहुण्यांच्या श्रद्धेशी निगडित असल्यामुळे सांगणे आवश्यक आहे. अस्सल पार्मेझान, म्हणजे इटलीतले पार्मिजानो रेज्जानो, नियमानुसार वासराच्या जठरातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विकरानेच, विरजले जाते, म्हणून ते शाकाहारी नाही. आपल्याकडे बनणाऱ्या कठीण चीजपैकी बरीचशी सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या रेनेटवर होतात. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घ्यावा. ज्या घरी माळकरी आणि जैन सोयरे येतात, त्या घरच्या यजमानांनी ही तपासणी दुकानातच केलेली बरी. (जैन पाहुणे असतील तर कांदाही वगळावा लागतो आणि वांगेही चालेलच असे नाही, हे विचारून घ्यावे.)

वांग्याच्या बाबतीत मात्र खान्देशाने कोणापुढेही मान खाली घालण्याचे कारण नाही. लेबनॉन-सीरियाकडे भाजलेल्या वांग्याच्या गरात तिळाची पेस्ट, लिंबू आणि लसूण घालून जो थंड पदार्थ करतात, त्यासाठी आपली भरिताची वांगी फार उत्तम. असोदा-बामणोदकडची ही हिरवट-पांढरी, लांबट, मोठी वांगी कमी बियांची असतात आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ती कपाशीच्या काड्यांवर भाजली तर धुराचा जो वास गरात उतरतो, तो गॅसवर येत नाही. हॉटेलात याच वासासाठी कोळशाची भट्टी पेटवावी लागते. भरीत करताना आपण गर ठेचून लगेच मिरची-लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाण्यांसह फोडणीत घालतो. इथे सोललेला गर चाळणीत ठेवून अर्धा तास निथळू द्यावा लागतो, नाहीतर तिळाची पेस्ट पाणचट होते. तीळ पॉलिशचे घ्यावेत, मंद आचेवर रंग बदलण्याआधीच उतरवावेत आणि थोडे तेल घालून मिक्सरमधून गुळगुळीत वाटावेत; खरपूस भाजले तर पेस्ट कडवट होते. हा पदार्थ सकाळी करून ठेवला तर संध्याकाळी अधिक मुरलेला लागतो. पसरट ताटलीत गर पसरून चमच्याच्या पाठीने त्यात गोल चर पाडावा, चरात ऑलिव्ह तेल सोडावे आणि वर डाळिंबाचे दाणे टाकावेत. धुळ्याच्या आमच्या आत्याबाईंनी ताटली समोर येताच "हाई काय शे?" असे विचारले होते, आणि पहिला घास घेतल्यावर भरितात तीळ कोणी घातले, असाही प्रश्न केला होता. हा बेत अर्थातच हिवाळ्याचा. चातुर्मासात वांगे वर्ज्य करणाऱ्या घरांत तो चंपाषष्ठीनंतरच ठेवावा.

उन्हाळ्यात पाहुणे आले, तर वांग्याच्या जागी स्पेनच्या दक्षिण भागातले गास्पाचो हे थंड सूप ठेवते. पिकलेले टोमॅटो, काकडी, लसूण, शिळा पाव, व्हिनेगर आणि ऑलिव्ह तेल एकत्र वाटून गाळून घ्यायचे. शिजवण्याचे नावही नाही. ज्या गावात मे महिन्यात पारा 44-45 अंशांपर्यंत जातो, तिथे याहून शहाणा पदार्थ मला ठाऊक नाही.

हाच पारा गोडाच्या वेळी वैरी होतो. इटलीच्या पिडमाँट भागातला पन्ना कोत्ता म्हणजे साय, दूध आणि साखर यांचे हलके थरथरणारे गोड. तो मूळ कृतीत जिलेटिनने गोठवतात. जिलेटिन प्राणिज तर आहेच, शिवाय तिशीच्या पुढच्या तापमानाला ते विरघळू लागते, म्हणून जळगावच्या मे महिन्यात कूलरच्या खोलीतसुद्धा ताटलीत त्याचे डबके होऊ शकते. समुद्री शेवाळापासून निघणारे आगार, म्हणजे आपले चायना ग्रास, 35-40 अंशांच्या आसपास घट्ट होते आणि पुन्हा वितळायला सुमारे 85 अंश लागतात. मात्र ते दुधात नुसते ढवळून चालत नाही, एक-दोन मिनिटे खळखळून उकळावे लागते. अर्ध्या लिटरला भुकटीचे एक ते दीड ग्रॅम पुरते. त्याहून जास्त घातले की पन्ना कोत्ता न राहता बर्फीसारखी वडी पडते. आगाराने तोंडात विरघळण्याचा गुण थोडा कमी होतो, हे मान्य करूनही मी आपल्या हवेत दुसरे काही वापरणार नाही.

त्यावर केळी हवीत. न्यू ऑर्लिन्सच्या ब्रेनन्स या रेस्टॉरंटमध्ये 1951 साली लोणी, ब्राउन शुगर आणि रम यांच्या पाकात केळी परतून, ती पेटवून, आइस्क्रीमवर वाढण्याची पद्धत निघाली. रम आणि ज्वाळा वगळूनही ती करता येते. साखर कोरडीच वितळवून सोनेरी झाली की लोणी, चिमूटभर मीठ, थोडी साय आणि शेवटी जाडसर कापलेल्या केळीच्या चकत्या. रावेर-यावलच्या केळीचा घड घरात येऊन पडला की दोन दिवसांत सगळा एकदम पिकतो, पण या कामाला साल पिवळी आणि टोक अजून हिरवट असलेलीच केळी घ्यावीत, कारण पूर्ण पिकलेल्या केळीचा पाकात लगदा होतो. पाक आधी करून ठेवता येतो. केळी मात्र वाढण्याच्या क्षणीच टाकावीत.

वाढणीचे प्रमाण हा आपल्याकडे नाजूक विषय आहे. रिसोतोसाठी माणशी 70-75 ग्रॅम तांदूळ धरतात आणि ताटात तो वाटीभरच दिसतो, त्यामुळे वडीलधाऱ्यांना हात आखडता घेतल्यासारखे वाटते. आग्रह करायचा असेल तर तो वांग्याचा किंवा गास्पाचोचा करावा, कारण ते पातेल्यात थांबतात. रिसोतोची दुसरी वाढणी थिजलेलीच असते. पन्ना कोत्ता माणशी एक आणि वर दोन-तीन जास्तीचे करावेत. व्याही मंडळी असतील तर डब्यात थोड्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा ठेवून द्यावा. तो मागितला गेला तर लगेच आणून द्यावा.