डोकं ठिकाणावर राहावं म्हणून

पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं. "अरे तो रे, तो... नाव अगदी जिभेवर आहे!" मग समोरचा मदतीला धावतो. "उंच होता तो?" "छे, तो त्याचा मेव्हणा." असं करत करत दोघं त्या माणसाची नोकरी, गाडीचा रंग, मुलींची लग्नं इथपर्यंत पोचतात, पण नाव काही सापडत नाही. ते सापडतं रात्री दात घासताना, आणि तेव्हा ऐकायला कोणी नसतं.

एवढ्यानं माणसं घाबरतात. खरं तर विशेषनाम ही स्मरणातली सगळ्यात निसरडी चीज आहे. एखादा माणूस सुतारकाम करतो म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास असं सगळं त्याला चिकटून येतं. त्याचं आडनावच सुतार असेल तर त्याला काहीच चिकटत नाही, म्हणून ते लवकर निसटतं. वयानुसार मेंदूचा वेग मंदावतो. शब्दांचा साठा मात्र बराच काळ शाबूत असतो. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात पुन्हा पुन्हा विचारणं, नेहमीचे पैशाचे हिशेब न जमणं, असं काही दिसलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरकडे जावं.

घाबरलेला माणूस डॉक्टरकडे जात नाही, तो सुडोकूकडे जातो. माझं सुडोकूशी वैर नाही. पण रोज सुडोकू सोडवणारा माणूस मुख्यतः सुडोकूतच पटाईत होतो, चष्मा कुठे ठेवला ते त्याला तरीही आठवत नाही. मोबाइलवरच्या 'मेंदूच्या व्यायामां'चंही तेच. असे खेळ खेळल्यानं उतारवयातला विसराळूपणा लांबणीवर पडतो, अशी जाहिरात करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीला २०१६ मध्ये २० लाख डॉलर मोजावे लागले, कारण दाव्यामागे पुरेसा पुरावा नव्हता.

मेंदूला खरं कामाला लावायचं तर आपल्याला न जमणारं काहीतरी हातात घ्यावं लागतं. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवायला हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्यात वर्षं जातात. ही परीक्षा देणाऱ्यांचे मेंदू संशोधकांनी आधी आणि नंतर तपासले. जे पास झाले त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे आठवणी आणि वाटा सांभाळणाऱ्या भागाच्या, मागच्या बाजूला वाढ दिसली. नापासांत तसं काही दिसलं नाही. हे २०११ मधलं संशोधन. आपण काही टॅक्सी चालवायला जाणार नाही, पण पेटी शिकणं, नवी लिपी गिरवणं, नकाशा न उघडता घरी येणं एवढं जमण्यासारखं आहे. सुरुवातीला चिडचिड झाली तर खुशाल समजावं की काम चाललंय. जे सहज जमतं त्यात मेंदू डुलकी काढतो.

त्याच वर्षी आणखी एक प्रयोग छापून आला, आणि मला तो जास्त आवडतो, कारण त्यात बुद्धीचा काही संबंधच नाही. उतारवयातल्या १२० जणांचे दोन गट केले. एका गटानं आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत चाळीस मिनिटांपर्यंत चालायचं. दुसऱ्यानं नुसतं अंग ताणायचं. वर्षभरानं चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता, दुसऱ्या गटाचा थोडा आटला होता. मेंदू म्हणजे बसल्या जागी खाणारा पाहुणा: वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण ऊर्जेतला वाटा २० टक्क्यांच्या आसपास. हा सगळा शिधा रक्तातून पोचतो. त्यामुळे जे हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मानवतं ते डोक्यालाही मानवतं. बीपी आणि साखर ताब्यात ठेवा, सिगारेट सोडा, हे डॉक्टर सांगतातच. फक्त ते मेंदूबद्दलही बोलत असतात हे आपल्या ध्यानात येत नाही. झोपेचंही तसंच. 'चार तास झोप मला पुरते' असं मिरवणाऱ्यांचा मला पूर्वी हेवा वाटायचा, आता काळजी वाटते.

पण सगळ्यात दुर्लक्षित अवयव कान. डिमेन्शिया म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू ढासळत जाण्याचा आजार. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं त्यावर नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत. ती सगळी आवरली तर डिमेन्शियाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण कमी होऊ शकतील किंवा त्यांचा आजार लांबणीवर पडेल, असा अंदाज आहे. त्यात सगळ्यात मोठा वाटा दोघांचा, वाढलेलं वाईट कोलेस्टेरॉल आणि कमी झालेलं ऐकू येणं.

हे कसं घडतं ते मी माझ्या काकांकडे बघून शिकलो. सात-आठ जण बसलेले असतात, कोणीतरी विनोद सांगतो, सगळे हसतात, आणि अर्ध्या क्षणानं काका हसतात. त्या अर्ध्या क्षणात त्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरलेली असते, हसायचं आहे की हळहळायचं आहे ते पाहायला. अर्धवट ऐकलेल्या शब्दांचे तुकडे जुळवण्यात डोकं इतकं दमतं की आशय लक्षात ठेवायला ताकदच उरत नाही. मग माणूस 'जरा पडतो' म्हणून आतल्या खोलीत जातो. पुढच्या वेळी लवकर जातो. त्यापुढे येतच नाही. काकांचं म्हणणं एकच, "मला नीट ऐकू येतं, तुम्हीच हल्ली पुटपुटता." नाकावर चष्मा चढवताना त्यांना कधी कमीपणा वाटला नाही, पण कानाच्या मशीननं म्हणे म्हातारपण दिसतं!

मशीन लावल्यानं डिमेन्शिया टळतोच, असं सिद्ध झालेलं नाही. २०२३ मध्ये आलेल्या तीन वर्षांच्या एका चाचणीत सरसकट सगळ्यांना फायदा दिसला नाही; ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांची बौद्धिक घसरण मात्र जवळजवळ निम्म्यानं मंदावली. मला एवढं पुरेसं वाटतं. शिवाय माणसं पुन्हा माणसांत येऊन बसतात, हा फायदा मोजायला चाचणी लागत नाही.

काकांनी शेवटी मशीन घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जाहीर केलं की पंखा कुरकुरतो, मागचं दार करकरतं, आणि आपली बायको इतकी वर्षं पाठीमागे काय काय बोलत होती ते आता समजलं. काकू म्हणतात, "यांचा मेंदू राहील तल्लख, पण आम्हाला यांच्याविषयी बोलायचं तर आता गच्चीवर जावं लागतं."