मोड

परवा दुपारी मी मटकीची पुरचुंडी सोडून बघत होतो. तिसऱ्यांदा.

"अरे, किती उघडशील? मोड लाजतात," आई आतून म्हणाली. हल्ली तिला दारावरची बेल ऐकू येत नाही, पण पुरचुंडीची गाठ सुटलेली बरोब्बर कळते.

खोड जुनीच आहे. पंचवटीतल्या वाड्यात आजी मटकी धोतराच्या फडक्यात घट्ट बांधायची आणि पातेल्याखाली झाकून ठेवायची. शाळेतून आलो की दप्तर खांद्यावर असतानाच मी पातेलं उचलायचो. ओलसर, किंचित आंबूस वास. टम्म फुगलेले दाणे, सालीला बारीक चीर, चिरेतून पांढरं टोक डोकावतंय. मग खेळून परत यावं तर टोकाची शेपटी झालेली! मधलं वाढणं कधी सापडलंच नाही. एका रविवारी मांडी घालून समोर बसलो. पाय बधिर झाले, मटकी तशीच.

या कोड्यापायी एका माणसाने कॅमेरा लावला होता आणि तो आपल्या त्र्यंबकचा, हे बऱ्याच उशिरा कळलं. फाळके १९१२ साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले, पण भांडवल घालायला कोण तयार होणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याची वाढ थोडी थोडी, एकेक चित्र करत टिपली आणि सगळी चित्रं सलग पळवली. पडद्यावर वाटाणा भराभर उगवला म्हणे! 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ चा. म्हणजे राजाच्या आधी नायक होता वाटाणा. मला हे फार आवडतं.

त्यांनी चित्रकला शिकली, फोटोग्राफी केली, छापखाना काढला. शिवाय जादूचे प्रयोग, तेही प्रोफेसर केळफा या नावाने. (उलटं वाचून बघा.) आमच्या घरी असा मुलगा निघाला असता तर 'एक ना धड, भाराभर चिंध्या' ऐकून ऐकून त्याचे कान किटले असते. पण आजी चिंध्यांचीच गोधडी शिवायची की! १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये तर राम आणि सीता दोघंही अण्णा साळुंके. मूळचा हॉटेलातला आचारी. रामाने विरहात झुरायचं ते स्वतःसाठीच. आणि लोकांनी भक्तिभावाने पाहिलं. बघणाऱ्यानेही आपली थोडी कल्पना पदरची घालावी लागते, ती अशी.

सातवीत मीही एक चित्रपट काढला होता. विज्ञानाच्या वहीच्या कोपऱ्यात, पानागणिक एक दाणा, दर पानाला मोड केसभर लांब. अंगठ्याने पानं सोडली की फर्रकन मोड यायचा. सरांनी वही जप्त केली. टेबलाशी उभं राहून त्यांनी पानं एकदा सोडली. मग पुन्हा. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. मला वाटलं, आता शाबासकी! वही परत आली तेव्हा लाल शाईत शेरा होता : 'कोपरे स्वच्छ ठेवावेत.' पुढची पानं कोरीच राहिली. त्या मोडाला पान काही फुटलं नाही.

म्हणून परवा ठरवलं, आता खिशातच कॅमेरा आहे, तर होऊन जाऊ दे. मोबाइल डब्याला टेकवला, फडकं पसरलं, तासातासाला एक फोटो. रात्री अकरापर्यंत नेमाने काढले. मग डोळा लागला. सकाळी उठून सगळे फोटो भराभर सरकवले : दाणा, दाणा, दाणा, जरा फुगलेला दाणा, बारीक चीर...

आणि शेवटच्या फोटोत कढई. आईने पहाटेच फोडणी घातली होती.

"मोड कुठवर आले होते गं?" मी विचारलं.

"चांगले होते," ती म्हणाली. "शेव आणली आहेस का?"