तीन मजले, तीन बटणं: जिन्याच्या दिव्याचं वायरिंग

तळमजल्यावर लावलेला जिन्याचा दिवा वर गेल्यावर बंद करता यावा आणि मधल्या मजल्यावरूनही लावता-विझवता यावा, ही मागणी प्रत्येक बंगल्यात असते. तरी बहुतेक घरांत मधल्या मजल्याचं बटण शेवटी आठवतं, तेही प्लास्टर झाल्यावर. मग भिंतीत पुन्हा झिरी मारा, नाहीतर जवळ सापडेल त्या पॉइंटवरून न्यूट्रल (परतीची वायर) ओढा, असली कामं सुरू होतात. म्हणून स्लॅब भरण्याआधीच जिन्याचे पाइप ठरवून घ्यावेत.

बटणांचं गणित सोपं आहे. दोन टोकांना दोन टू-वे बटणं आणि मध्ये जितक्या जागा असतील तितकी इंटरमीडिएट, म्हणजे चार स्क्रूंची बटणं. तळ अधिक दोन मजल्यांना दोन टू-वे, एक इंटरमीडिएट. गच्चीच्या दारालाही बटण हवं असेल तर इंटरमीडिएट दोन होतात.

टू-वेला तीन स्क्रू असतात: एक कॉमन आणि दोन बाकीचे. खालच्या बोर्डात फेज (चालू वायर) कॉमनला येतो. उरलेल्या दोन स्क्रूंवरून दोन वायरी, म्हणजे जोडवायरी, वर जातात आणि इंटरमीडिएटच्या एका जोडीला लागतात. त्याच्या दुसऱ्या जोडीवरून दोन वायरी सर्वांत वरच्या टू-वेच्या दोन स्क्रूंना लागतात. त्या टू-वेच्या कॉमनवरून निघालेली वायर म्हणजे दिव्याची वायर. ती सगळ्या मजल्यांच्या दिव्यांना समांतर फिरते. न्यूट्रल आणि अर्थ कोणत्याही बटणात न शिरता थेट दिव्यांकडे जातात. मधल्या बोर्डाला वेगळा फेज द्यायचा नसतो. इंटरमीडिएटचं काम एवढंच, की आलेल्या दोन वायरी सरळ पुढे द्यायच्या किंवा उलटसुलट करून द्यायच्या. जुन्या घरात आधीपासून टू-वे असेल आणि जोडवायरींचा पाइप मधल्या बोर्डातून जात असेल, तर त्या दोन वायरी तिथे कापून मध्ये इंटरमीडिएट बसवलं की काम झालं.

सामानात १.५ चौ. मिमी तांब्याची एफआर (आग सहज न पकडणारी) वायर पुरते. एका मजल्याच्या पाइपात दोन जोडवायरी, दिव्याची वायर, न्यूट्रल आणि अर्थ अशा पाच वायरी जातात. २० मिमीच्या पाइपात त्या बसतात, पण जिन्याच्या वळणांत दोन-तीन बेंड आले की ओढताना घाम निघतो आणि इन्सुलेशन खरवडतं. पाइप २५ मिमीचाच टाकावा. बोर्ड ते बोर्ड पाइपमार्ग साडेपाच मीटर धरला तर दोन टप्प्यांचे ११ मीटर, पाच वायरींचे ५५. तीन दिव्यांकडे जाणाऱ्या फांद्या प्रत्येकी तीन मीटर धरल्या तर आणखी २७. प्रत्येक बोर्डात आणि दिव्यापाशी वीतभर टोकं सोडली की ९० मीटरच्या एका कॉइलएवढी वायर लागते. मात्र रंग वेगवेगळे हवेत, म्हणून ही वायर घरच्या बाकीच्या कॉइलांतूनच काढावी. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थ हिरवी. जोडवायरींना पिवळी-निळी घेतात, पण घरात थ्री-फेज असेल तर पुढचा वायरमन त्यांना दुसरे-तिसरे फेज समजेल. तिथे राखाडी किंवा पांढरी घ्या आणि टोकांना नंबर लावा.

इंटरमीडिएट बटण कोपऱ्यावरच्या दुकानात सहसा नसतं. प्लेट ज्या कंपनीची आणि ज्या मालिकेची असेल, त्याच मालिकेचं आधी मागवून ठेवा; एकाचं मॉड्यूल दुसऱ्याच्या फ्रेममध्ये बसेलच असं नाही. आणि जिन्याला इंडिकेटरवाली बटणं घेऊ नका. त्यातून जाणाऱ्या किंचित प्रवाहावर एलईडी दिवा लुकलुकत राहतो.

स्क्रू ओळखताना अंदाज चालत नाही, कारण कॉमनची जागा कंपनीप्रमाणे बदलते. बटण हातात असतानाच मल्टिमीटरच्या बीपवर (दोन स्क्रू आतून जोडलेले असले की तो वाजतो) तपासा. टू-वेमध्ये दोन्ही स्थितींत ज्या स्क्रूचा कोणाशी ना कोणाशी बीप येतो, तो कॉमन. इंटरमीडिएटमध्ये कोणत्याही स्थितीत ज्या दोघांत बीप येत नाही, ते दोघे एक जोडी.

जोडणी झाल्यावर तीन बटणांच्या आठही स्थिती फिरवून पाहा. प्रत्येक स्थितीत कोणतंही एक बटण दाबलं की दिव्याची अवस्था बदललीच पाहिजे. मधलं बटण एका बाजूला असताना खालचं-वरचं नीट चालतं आणि दुसऱ्या बाजूला टाकताच दोन्ही मरतात, तर इंटरमीडिएटच्या जोड्यांची सरमिसळ झालेली आहे. एखादं टोकाचं बटण ठरावीक स्थितीत असेल तेव्हाच बाकीची चालत असतील, तर कुठल्या तरी टू-वेवर कॉमन आणि जोडवायरीची अदलाबदल झाली आहे. इथे टेस्टरवर विसंबू नका. शेजारच्या चालू वायरीमुळे मोकळ्या जोडवायरीवरही टेस्टर पेटतो आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. टेस्ट लॅम्प (दोन वायरी जोडलेला साधा बल्ब) घ्या.

मोकळ्या वायरीवर चढणारा हाच व्होल्टेज एलईडी दिवा बंद असतानाही मंद पेटता ठेवतो. दिवा बंद असतो तेव्हा त्याची वायर मोकळ्या जोडवायरीशी जोडलेली असते, आणि ती तीन मजले चालू वायरीला चिकटून जाते. जिना जितका लांब तितका हा त्रास जास्त. आधी दुसऱ्या चांगल्या ड्रायव्हरचा (दिव्याच्या आतल्या सर्किटचा) दिवा लावून पाहा. नाही थांबलं तर दिव्याच्या दोन टोकांत ०.१ मायक्रोफॅरड, २७५ व्होल्ट एसीचा एक्स-२ दर्जाचा (फेज-न्यूट्रलमध्ये लावण्यासाठीचा) कपॅसिटर लावा. साधा पंख्याचा चालणार नाही.

सगळ्यांत महागात पडते ती न्यूट्रलची उसनवारी. फेज तळमजल्याच्या डीबीतून (वीजवाटपाच्या पेटीतून) आणि न्यूट्रल पहिल्या मजल्याच्या जवळच्या पॉइंटवरून. दिवा लागतो, म्हणून कोणी तक्रार करत नाही. मजल्यागणिक आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळला नाही की वीज तोडणारा स्विच) बसवले की मात्र दिवा लावताक्षणी ट्रिप. नऊ वॅटचे तीन दिवे साधारण १२० मिलीअँपिअर घेतात. हा प्रवाह गेला त्या आरसीसीबीतून परत येत नाही, आणि त्याची मर्यादा ३० मिलीअँपिअर. बिचाऱ्या आरसीसीबीला खराब ठरवून बदलतात, नवाही ट्रिप होतो. इन्व्हर्टरचंही तसंच: जिन्याचा दिवा इन्व्हर्टरवर हवा असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही इन्व्हर्टरच्याच सर्किटचे.

काम करताना फक्त मेन बंद करून भागत नाही. मेन पाडल्यावर इन्व्हर्टरला लाइट गेली असं वाटतं आणि तो त्याच वायरींत २३० व्होल्ट सोडतो. आधी इन्व्हर्टर बंद, मग एमसीबी, मग मीटरने तपासणी.

चार-पाच मजले आणि भाडेकरू असतील तर इंटरमीडिएटची साखळी लांबवू नये. डीबीत एक लॅचिंग रिले (बटणाच्या प्रत्येक दाबाला दिवा आलटून-पालटून लावणारा-विझवणारा स्विच) लावा आणि प्रत्येक मजल्यावर बेलचं बटण. सगळी बटणं दोन वायरींवर समांतर बसतात, जोड्या जुळवायचा प्रश्नच नाही, आणि पुढे आणखी एक बटण वाढवायचं झालं तर त्याच दोन वायरींवर वाढतं.