मर्तोलीच्या देवळापासून दिसणारी धार

मर्तोली हे उत्तराखंडातल्या कुमाऊंमधलं, मिलाम हिमनदीच्या वाटेजवळचं गाव. तिथून नंदादेवी पूर्व हे शिखर दिसतं. तिथपर्यंतचा आठवडा एका दमात सांगून टाकतो. सोलापूरहून कर्नाटक एक्सप्रेसने दिल्ली, रात्रीच्या गाडीने काठगोदाम, जीपने अल्मोडा, थल आणि बिर्थीच्या धबधब्यावरून मुन्स्यारी, मग गोरीगंगेच्या काठाने लिलम, बोगडियार, रिलकोट. घाटात पोट ढवळतं, लिलमच्या पुढे जळवा चिकटतात, बोगडियारला दरी इतकी अरुंद होते की दुपारीच ऊन जातं. बास.

कारण हे लिहायला बसलो ते फक्त मर्तोलीतल्या पहाटेसाठी. नंदादेवीच्या देवळापाशी पाचच्या सुमारास उभं राहिलं की पश्चिमेला ल्वां गाडची दरी उघडी पडते आणि तिच्या टोकाला नंदादेवी पूर्व दिसते. 7434 मीटर. इथले लोक तिला सुनंदा म्हणतात, मुख्य शिखराची बहीण. तिचा चेहरा पूर्वेला, म्हणून पहिलं ऊन थेट तिच्यावर. आधी माथा तांबूस होतो, मग ऊन डावीकडच्या धारेवरून खाली उतरत जातं, आणि त्या उताराला लागलेल्या वेळात धारेतली एकेक खाच, एकेक बुरूज, म्हणजे उभा सुळका, वेगळा होऊन दिसतो. नऊ वाजेपर्यंत ढग चढतात आणि सगळं झाकलं जातं. मिलामला निघालेले बहुतेक गट मर्तोली वाटेवरून बाजूला, चढावर आहे म्हणून टाळतात आणि सरळ पुढे जातात. मला याचं खरंच वाईट वाटतं. मिलामची हिमनदी बघा, पण मर्तोलीला एक मुक्काम द्याच.

ती डावीकडची धार म्हणजे दक्षिण धार, आणि या शिखराचा जवळजवळ सगळा इतिहास तिच्यावरच घडला आहे.

धारेच्या पायथ्याशी एक खिंड आहे, साधारण 5910 मीटरवर. 1905 मध्ये टॉम लाँगस्टाफ हा इंग्रज डॉक्टर अलेक्सी आणि आंरी ब्रोशरेल या दोघा भावांना, म्हणजे आल्प्समधल्या वाटाड्यांना, घेऊन इथवर पोचला. खिंडीच्या पलीकडे नंदादेवीचं ते बंदिस्त खोरं, ज्याच्याभोवती सुमारे 110 किलोमीटर घेराची शिखरांची भिंत आहे आणि पाण्याला बाहेर पडायला ऋषीगंगेची एकच घळ. त्या घळीतून आत जायची वाट सापडली ती 1934 मध्ये, शिप्टन आणि टिलमन या इंग्रज गिर्यारोहकांना, अंगथारके, पासंग आणि कुसंग या तीन शेर्पांच्या सोबतीने. दोन वर्षांनी, 29 ऑगस्ट 1936 रोजी, टिलमन आणि त्यांचे सहकारी ओडेल मुख्य शिखरावर (7816 मीटर) उभे राहिले. लाँगस्टाफने मात्र 1905 मध्ये हे खोरं वरून पाहिलं, धार चढायला शिधा आणि दिवस दोन्ही अपुरे आहेत हे ओळखलं, आणि मागे फिरला. खिंडीला त्याचंच नाव पडलं. मागे फिरणाऱ्याचं नाव जागेला मिळावं हे मला फार योग्य वाटतं.

खिंडीपासून माथ्यापर्यंत उंचीचा फरक 1524 मीटर. ऐकायला फार वाटत नाही. सोलापुरात आनंद बनसोडे 2012 मध्ये एव्हरेस्टवर जाऊन आल्यापासून गिर्यारोहणाबद्दल विचारणारे खूप भेटतात, आणि पहिला प्रश्न उंचीचाच असतो. 8848 पुढे 7434 म्हणजे सोपं, असा हिशेब मनात होतो. पण एव्हरेस्टवर हजारो माणसं जाऊन आली आहेत आणि इथे मोजकीच. कारण उंची नाही, धारेची घडण आहे.

एव्हरेस्टच्या नेहमीच्या वाटेवर हंगामात पायथ्यापासून माथ्यापर्यंत दोर लावलेला असतो. इथे आपला दोर आपणच वाहायचा. 8 मिलिमीटर जाडीचं 100 मीटरचं भेंडोळं साधारण 4 किलोचं. धारेवर 2000 मीटर लावायचं ठरवलं तर नुसता दोरच 80 किलोच्या आसपास, शिवाय मेखा, बर्फात ठोकायच्या पट्ट्या, बर्फात फिरवून बसवायचे आइस स्क्रू, दोर अडकवायच्या कड्या म्हणजे कॅराबिनर. हे सगळं आधी खिंडीवर चढवायचं. खिंडीखालचा उतार उभा, आणि ऊन लागलं की वरचे सैल दगड सुटायला लागतात. म्हणून या उतारावर मध्यरात्रीनंतर निघून सकाळी ऊन यायच्या आत वर पोचावं लागतं. उशीर झाला तर त्या दिवशी जायचंच नाही. खिंडीवर तंबू लावला की दोन खोऱ्यांमधला वारा तिथून वाहतो, त्यामुळे तंबूभोवती बर्फाची भिंत घालणं हे पहिलं काम, चहा नंतर.

पुढे धार. सह्याद्रीत धारेवरून चालणाऱ्याला वाटतं, माथ्यावरून चालणं सगळ्यात सुरक्षित. बर्फाच्या धारेवर हेच उलटं होतं. वारा ज्या बाजूने वाहतो त्याच्या पलीकडच्या बाजूला बर्फाचं छज्जं तयार होतं, त्याला कॉर्निस म्हणतात. वरून ते सपाट, पक्क्या जमिनीसारखं दिसतं, खाली मात्र पोकळ हवा असते. आणि ते तुटतं तेव्हा काठावरून तुटत नाही, आपल्या अंदाजापेक्षा बरंच आतून तुटतं. म्हणून चालायचं ते माथ्याच्या खालून, वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर, पाय वाकडे टाकत, आडवं. त्यात दमछाक जास्त आणि वेग अर्धा. जिथे दोन्ही बाजू सारख्याच उभ्या आहेत तिथे दोघांमध्ये बारा-पंधरा मीटर दोर ठेवतात, आणि एक जण डावीकडे पडला तर दुसऱ्याने ताबडतोब उजवीकडे उडी मारायची, म्हणजे दोर धारेवर अडकून दोघंही लटकतात. हे वाचायला विचित्र वाटेल, पण तिथे दुसरा उपायच नसतो. विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही, त्यामुळे चालताना सतत मनात ठरलेलं असावं लागतं, आत्ता तो पडला तर मी कुठे.

मधे बुरूज येतात. बुरुजाला वळसा घालता येत नाही, वरूनच जावं लागतं, म्हणजे चढलेली उंची पलीकडे उतरून घालवायची. आणि परत येताना तोच उतार पुन्हा चढायचा, थकलेल्या पायांनी. लांब धारेवर घात होतो तो बहुतेक याच कारणाने. खराब हवेत सरळ खाली पळता येत नाही, आधी मागे, म्हणजे पुन्हा वरखाली करत, खिंडीपर्यंत यावं लागतं.

आता 1939 आठवा. पोलंडची पहिली हिमालय मोहीम. चौघे: नेते आदाम कार्पिन्स्की, विमानं आखणारे अभियंता, स्तेफान बेर्नाद्झिकीएविच, याकुब बुयाक, पदार्थविज्ञानाचे संशोधक, आणि यानुश क्लार्नेर. त्यांच्याबरोबर शेर्पा. नायलॉनचा दोर अजून आलेला नव्हता. तागाच्या जातीचा दोर ओला झाला की जड होतो आणि गोठला की काठीसारखा ताठ राहतो, त्याची गाठ सुटत नाही. हवेचा अंदाज सांगायला वर आकाश आणि हातात वायुभारमापक, एवढंच. 2 जुलै 1939 रोजी बुयाक आणि क्लार्नेर याच दक्षिण धारेने माथ्यावर पोचले. मर्तोलीतून ती धार बघताना दुर्बीण डोळ्याला लावून मी त्या तारखेचा विचार करत होतो. कुमाऊंमध्ये पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यात येतो. म्हणजे ते अगदी काठावरच्या दिवसांत वर होते.

त्यानंतर ते मिलाम हिमनदीच्या माथ्याकडे तिरसुलीवर (7074 मीटर) गेले. 18 जुलैच्या रात्री हिमस्खलन छावणीवर आलं आणि कार्पिन्स्की व बेर्नाद्झिकीएविच गाडले गेले. सहा आठवड्यांनी युद्ध सुरू झालं. बुयाक 1945 मध्ये इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमध्ये फिरायला गेले ते दिसलेच नाहीत. क्लार्नेर 1949 मध्ये वॉर्सात बेपत्ता झाले.

यावरून ‘देवीचा शाप’ म्हणून जे लिहिलं जातं त्याचा मला मनापासून राग येतो. 18 जुलै म्हणजे भर पावसाळा. खाली पाऊस पडतो तेव्हा वर ताजा बर्फ साचतो, आणि 30 ते 45 अंशांच्या उतारावर ताजा बर्फ खालच्या जुन्या थराला नीट धरत नाही. मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला दिवस सगळ्यात धोक्याचा, हे आज प्राथमिक कोर्सच्या मुलांनाही शिकवतात. आणि 1939 ते 1949 या दहा वर्षांत पोलंडमधल्या कुठल्याही घरातून माणूस नाहीसा व्हायला डोंगराच्या शापाची गरज नव्हती. मर्तोलीत देवीला पूजणारी माणसं तिला आई मानतात. शापाची गोष्ट सांगितली की या चौघांचं कसबच पुसलं जातं, आणि त्यांनी केलेली चढाई ही त्या काळातल्या हिमालयातल्या सर्वांत अवघड चढायांपैकी एक होती.

याची साक्ष तेनझिंग नोर्गे यांनीच दिली आहे. 1951 मध्ये फ्रेंच मोहीम आली ती मुख्य शिखर ते पूर्व शिखर अशी सलग धार पार करायला. दोन माथ्यांमध्ये सुमारे 2 किलोमीटरची उंच, खाचखळग्यांची धार आहे. रोजे द्युप्ला आणि झिल्बेर विन्य हे दोघं 29 जूनला मुख्य शिखराच्या माथ्याजवळ शेवटचे दिसले. त्यांना शोधायला लुई द्युबो आणि तेनझिंग 6 जुलैला पूर्व शिखरावर चढले, ती या शिखराची दुसरी चढाई. तेनझिंग पुढे एव्हरेस्टवर गेले, तरी आपली सर्वांत अवघड चढाई हीच असं ते सांगत. ती जोडधार अखेर 1976 मध्ये जपानी-भारतीय मोहिमेतल्या हासेगावा आणि ताकामी यांनी पार केली, पूर्वेकडून मुख्य शिखराकडे.

1983 पासून आतलं खोरं बंद आहे, त्यामुळे मुख्य शिखरावर जाता येत नाही. पूर्व शिखर मात्र भिंतीवरच असल्याने मिलामच्या बाजूने चढता येतं. परवानगी दिल्लीच्या इंडियन माउंटेनियरिंग फाउंडेशनची. 2019 च्या मे महिन्यात याच परिसरातल्या 6477 मीटरच्या एका अनाम शिखरावर आठ गिर्यारोहक हिमस्खलनात गेले. भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या जवानांनी सात मृतदेह खाली आणले.

नुसतं बघायला जाणाऱ्यांसाठी थोडं. मिलामच्या वाटेचा परवाना मुन्स्यारीत तहसिलीत मिळतो. ओळखपत्राच्या चार-पाच प्रती आणि फोटो सोलापुरातूनच न्या, कारण मुन्स्यारीत वीज गेली की झेरॉक्सही गेली. मर्तोलीपुढे ल्वां आणि मग नसपनपट्टीच्या कुरणापर्यंत गेलात तर शिखर डोक्यावर येतं. 3000 मीटरच्या वर रात्रीच्या मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. सोलापूर साडेचारशे मीटरवर, त्यामुळे आपल्या शरीराला याची काहीच सवय नसते, आणि 43 अंशांत धावायची सवय उंचीवर उपयोगी पडत नाही. डोकं दुखतंय आणि जेवण नको वाटतंय तर वर जायचं नाही. टाच-बोट जोडून सरळ रेषेत दहा पावलं चालता येत नसतील तर रात्र असली तरी खाली उतरवायचं.

खाण्याबाबत आपण सोलापूरकर नशीबवान. 4300 मीटरवर पाणी 86 अंशांच्या आसपासच उकळतं, कुकर नसेल तर तूरडाळ शिजतच नाही. कडक भाकरीला शिजवावं लागत नाही, ती तीन आठवडे टिकते, मोडली तरी चुरून चहात जाते. शेंगा चटणीत तेल आणि प्रथिनं दोन्ही. फक्त चटणी कोरडी कुटलेली घ्या, तेल सुटलेली पहाटे गोळा होऊन बसते. सोलापुरी चादर मात्र मुन्स्यारीला ठेवून जा. सुती कापड एकदा ओलं झालं की वर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. ज्यांना पुढे बर्फातच शिरायचंय त्यांनी उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचा 28 दिवसांचा प्राथमिक कोर्स करावा, ‘ए’ श्रेणी मिळवावी, कारण तिच्याशिवाय प्रगत कोर्सला घेत नाहीत. सरावाला डोंगर नाही म्हणून अडू नका, पाठीवर 15 किलो घेऊन चार मजली जिना तासभर चढा-उतरा.

आणि दुर्बीण न्या. आठपट मोठं दाखवणारी पुरते. मर्तोलीत पाचला उठा, खिंडीच्या खाचेपासून सुरुवात करा आणि दुर्बीण हळूहळू उजवीकडे, वर सरकवत धारेवरून माथ्यापर्यंत न्या. पहिला बुरूज कुठे, छज्जं कुठल्या बाजूला झुकलंय, तंबू टाकायला जागा कुठे सापडते, हे मोजत जा. मला तंबूएवढ्या सपाट जागा तीनच दिसल्या, त्यातली एक छज्ज्यावर होती.