एवढं आहे काय तुमच्या कोल्हापुरात?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं विचारणारे तुम्ही पहिले नव्हेत. पुण्याची नणंद विचारते, ठाण्याचे व्याही विचारतात आणि हिंजवडीत फ्लॅट घेऊन बसलेली आमची लेक तर दर फोनला विचारते, "दोघंच तिथं राहून करता काय? एवढं आहे काय त्या कोल्हापुरात?"

आता मी अंबाबाई, रंकाळा, तांबडा-पांढरा आणि चपला अशी यादी वाचणार असं तुम्हाला वाटत असेल, तर नाही वाचणार. ते सगळं तुम्ही शनिवारी सकाळी येऊन रविवारी संध्याकाळी पिशवीत भरून नेताच की. आमच्या घरात रोज मुगाची आमटी आणि भात असतो. रोज मिसळ खाऊन माणूस जगेल का? आणि 'जगात भारी कोल्हापुरी' असं ज्याच्या गाडीमागे लिहिलेलं असतं तो गाडी कशी हाणतो हे मी रोज बघते, तेव्हा त्या विषयावर न बोललेलंच बरं.

मला हे गाव आवडतं ते निराळ्याच कारणानं. ज्यातून एक रुपया सुटायचा नाही, उलट पदरचाच जायचा, अशा गोष्टी इथं माणसं जीव ओतून करतात. बाकीची कामं काय, होतील सावकाश.

फुटबॉलचंच घ्या. बाहेरच्यांना कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते. खोटं नाही ते, शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेलं खासबागेचं मैदान अजून आहे. पण पेठापेठांतली खुन्नस आता चेंडूवर निघते. नावं बहुतेक तालमींची, संघ फुटबॉलचे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाय बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. हंगाम सुरू झाला की दुपारी शाहू स्टेडियमच्या रस्त्यानं जायची सोय नाही. आत पेठेच्या संघावर गोल झाला की इकडं दुकानात बसलेल्या माणसाचा चेहरा उतरतो आणि गिऱ्हाईक काय मागतंय ते त्याला ऐकू येत नाही.

माझं माहेर शिवाजी पेठेतलं, म्हणजे शिवाजी तरुण मंडळ या संघाचं. सासर पक्कं पाटाकडीलवालं. पत्रिका बघताना गुण, नाडी सगळं बघितलं, हे मात्र कुणी बघितलं नाही. सासूबाईंनी जन्मात कधी स्टेडियमची पायरी चढली नव्हती, पण फटाके कुठल्या दिशेनं वाजले यावरून त्यांना निकाल कळायचा. स्वयंपाकघरात बसूनच म्हणायच्या, "आज भाकरी दोन कमीच थाप गं. हरल्यात." आणि खरंच, सासरे जेवायला बसले की अर्ध्या भाकरीवर उठायचे. मी मान खाली घालून वाढायची. हसू दाबणं हे त्या घरातलं माझं पहिलं कौशल्य.

२०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला आणि भारताच्या संघात आपला अनिकेत जाधव खेळला. त्या महिन्यात गावातला प्रत्येक माणूस त्याला लहानपणापासून ओळखत होता. २०२२ मध्ये कतारला विश्वचषक झाला तेव्हा इथल्या चौकांत मेस्सी, रोनाल्डो, नेमार यांचे हे उंच कटआउट. पंचमंडळी पारावर बसून कोण भारी याचा निवाडा करत होती. मेस्सीबद्दलचं एका आजोबांचं मत मला पाठ आहे. "पोरगं बरं खेळतंय. पण मे महिन्यात आपल्या स्टेडियमवर खेळून दाखव म्हणावं."

फुटबॉलला निदान जिंकण्या-हरण्याचा हिशेब तरी आहे. म्हशीचं काय सांगाल?

दिवाळीत पाडव्याला-भाऊबीजेला इथं गवळी लोक म्हशी सजवून पळवतात. तुम्ही बैलपोळा बघितला असेल, हे प्रकरण वेगळं. पंचगंगेच्या घाटाकडं मी एकदा अगदी हाताच्या अंतरावरून एक म्हैस बघितली. अंगावरचे केस कातरून नक्षी काढलेली, शिंगं रंगवलेली आणि त्यांच्या टोकांना मोरपिसांचे तुरे, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ, आणि अंग असं चमकत होतं की तेलाचा हात फिरवलेला कळत होता. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं, म्हैस मागून सुसाट. बाकीचं कुठलंही जनावर त्या आवाजानं उधळलं असतं, ही त्या आवाजामागं धावत होती. मग गाडी थांबवून त्यानं हाक मारली, तशी ती पुढचे दोन्ही पाय उचलून उभी राहिली. म्हैस! गर्दीतून शिट्ट्या. मालकीणबाई शेजारीच होत्या, त्यांना मी खर्चाचं विचारलं. म्हणाल्या, "वैनी, पोराच्या बारशाला एवढा केला नव्हता." तक्रारीचा सूर नव्हता हो, कौतुक होतं.

अशाच म्हशी एरवी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभ्या असतात. तुमच्यासमोर धार काढून ग्लास हातात देतात, कोमट आणि वर बोटभर फेस. पुण्याच्या भाच्याला नेलं तर त्यानं विचारलं, उकळलेलं नाही का? गवळीदादांनी त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाले, "पाव्हण्याला अर्धाच द्या."

पावसाळ्यात सगळं गाव इंजिनिअर होतं. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर किती फुटांवर आहे हे इथं शाळकरी पोरालाही माहीत असतं. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. जुलैमध्ये भाजीवाली मेथी देता देता सांगते, "राधानगरीचं चार दरवाजं उघडल्यात." सात स्वयंचलित दरवाजे आहेत धरणाला, आणि कितवा उघडला की पाणी गावापर्यंत किती तासांत पोचतं यावर तिचं स्वतःचं मत आहे, सरकारी आकड्याच्या वर. संध्याकाळी लोक घरची माणसं घेऊन पाणी बघायला जातात. पाणी! छत्री एक, माणसं चार, हातात भाजलेलं कणीस. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं तेव्हा मात्र कुणी बघायला गेलं नाही. तेव्हा तालमींची पोरं कमरेएवढ्या पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेऊन आणत होती आणि मंगल कार्यालयांत हजारो माणसांचा भात शिजत होता. हंगामात एकमेकांच्या डोक्यात दगड घालायला निघालेली हीच पोरं.

आमचे हे नाटकाला नेलं तर दुसऱ्या अंकात घोरतात. पण ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा ते पायात स्लीपर सरकवून पळाले आणि पहाटे परत आले. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं ते थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी खुद्द केशवरावांची जयंती. आल्यावर म्हणाले, सगळी पेठ आली होती. बस, एवढंच. मीही पुढं विचारलं नाही.

आता खोट काढायचीच तर मीच काढून देते, तुम्ही कशाला कष्ट घेता? शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला होता, तो लोकांनी वर्षानुवर्षं भांडून घालवला. टोल गेला, खड्डे राहिले. रंकाळ्याला काही दिवस असा वास सुटतो की फिरायला गेलेला माणूस नाक धरून परततो. सांगितलेल्या वेळेला कुणी उगवत नाही. 'आलोच' म्हटलं तर तो अजून अंघोळीला जायचाय असं समजायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिकलेल्या पोरांना इथं हवं तसं काम नाही. म्हणून तर लेक हिंजवडीत आहे. हे दुखणं खरं आहे, त्यावर रस्सा ओतून ते झाकता येत नाही. तिनं परत यावं असं मी म्हणत नाही. पण जुलैत तिचा फोन आला की "आई, कशी आहेस"च्या आधी "पाणी किती फुटांवर आहे गं?" येतं, याची नोंद मी ठेवलेली आहे.

तर यायचं असेल तर दिवाळीच्या पाडव्याला या. हॉटेलाची भानगड नको, माडीवरची खोली रिकामी आहे. गाडी मात्र घाटापासून लांबच लावा, म्हशी वळताना बघत नाहीत.